ताप उतरलेले पॉझिटिव्ह : डेंगीच्या एका सेन्सर पट्टीचं प्रकरण

आधी एक खुलासा. हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. यातला गट, दवाखाना आणि रुग्ण कल्पित आहेत. रसायन आणि वैद्यक खरं आहे, आणि रक्तावर चालणाऱ्या इलेक्ट्रोडशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

एका संशोधन गटाने डेंगीसाठी एकदाच वापरून टाकायची पट्टी तयार केली होती. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब, पंधरा मिनिटं थांबणं, छोट्या वाचकयंत्रावर आकडा. डेंगीचा विषाणू ज्या पेशींत वाढतो त्या पेशी एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते सापडू लागतं आणि साधारण आठवडाभरात ओसरतं. आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीर सर्वात आधी बनवतं ती प्रतिपिंडं, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पुरेशी वाढलेली नसतात. त्यामुळे पहिल्या दिवसांत विश्वास ठेवायचा तो एनएस-१ वर किंवा विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या आरटी-पीसीआरवर. पीसीआरला प्रयोगशाळा लागते, एलायझाला (प्रतिपिंडांनी प्रथिन पकडून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) काही तास. रंगाची रेघ दाखवणाऱ्या झटपट चाचण्या आहेतच, पण फिकट रेघ दिसली की दोन माणसं तीन मतं देतात. विद्युत-रासायनिक पट्टीचा मुद्दा एवढाच की रेघेऐवजी आकडा मिळावा.

रचना नेहमीचीच. कार्बनच्या शाईने छापलेला मुख्य इलेक्ट्रोड, त्यावर एनएस-१ पकडणारं प्रतिपिंड. शेजारी पूरक इलेक्ट्रोड आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड. वर एक पडदा, जो रक्तपेशी अडवतो आणि प्लाझ्मा खाली सोडतो. वाटेत दुसरं प्रतिपिंड सुकवून ठेवलेलं, त्याला वासराच्या आतड्यातून मिळवलेलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जोडलेलं; हे पट्टीचं लेबल. प्लाझ्मात एनएस-१ असेल तर ते दोन प्रतिपिंडांच्या मधे अडकतं आणि एन्झाइम इलेक्ट्रोडपाशी मुक्कामाला राहतं. मग अल्फा-नॅफ्थिल फॉस्फेटच्या द्रावणाचा थेंब सोडायचा; हे सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ. एन्झाइम त्यातला फॉस्फेट तोडतं, नॅफ्थॉल तयार होतं, आणि अधिक ०.४ व्होल्टला ठेवलेल्या इलेक्ट्रोडवर नॅफ्थॉलचं ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह वाहतो. जितकं एनएस-१ जास्त, तितका प्रवाह जास्त.

गटाला सर्वात जास्त अभिमान होता तो वेगळं धुणं टाळल्याचा. सब्स्ट्रेटचा थेंब वाहता वाहता जेवढं धुईल तेवढंच. थेंबही मुद्दाम लहान, म्हणजे तयार झालेलं नॅफ्थॉल फार पातळ व्हायला नको. परिणामी वाचन घेताना वाहिनीत बराचसा प्लाझ्मा शिल्लक असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि चालवून घेतलं होतं.

बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या क्षारद्रावणात, आलेख सरळ रेषेत आला. मग बाजारात मिळणाऱ्या, अनेक निरोगी दात्यांचं मिसळून केलेल्या सीरममध्ये शुद्ध एनएस-१ मोजून टाकलं. इथे रिकाम्या सीरमलाही थोडा प्रवाह येत होता. कारण उघड होतं: रक्तात युरिक आम्ल असतं, लिटरला साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल, आणि या व्होल्टेजला त्याचंही ऑक्सिडीकरण होतं. शिवाय थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. गटाने हा प्रवाह पाया धरून वजा केला. मिसळलेल्या सीरममध्ये माणसामाणसातला फरक आधीच पुसलेला असतो, त्यामुळे हा पाया दर वेळी सारखाच आला आणि सगळ्यांना निर्धास्त वाटलं.

मग पट्ट्या तापाच्या रुग्णांकडे गेल्या. प्रत्येकाचं रक्त बोटातून पट्टीवर, आणि त्याच वेळी शिरेतून नळीत. नळीतल्या नमुन्यावर एलायझा आणि आरटी-पीसीआर. डेंगीच्या बहुतेक रुग्णांना पट्टीने पॉझिटिव्ह सांगितलं. पण ज्यांच्या दोन्ही संदर्भ चाचण्या निगेटिव्ह होत्या, अशाही कितीतरी जणांना पॉझिटिव्ह सांगितलं. त्यातल्या काहींचा प्रवाह खऱ्या रुग्णांपेक्षा जास्त होता.

संशयितांची यादी

अशा वेळी पहिला संशय जातो तो प्रथिनांच्या चिकटण्यावर. रक्तात अल्ब्युमिन मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. त्याच मिलिलिटरमध्ये एनएस-१ शंभर नॅनोग्रॅम असलं, तर एका ग्रॅमला चारेक लाख ग्रॅम असा हा मामला. इलेक्ट्रोडवर नको ते बसणारच, आणि त्याबरोबर एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंडही विनाकारण बसू शकतं. दुसरा संशय झिकासारख्या भाऊबंद विषाणूंच्या एनएस-१ वर. तिसरा, दोन्ही प्रतिपिंडांना परस्पर जोडणाऱ्या रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिपिंडांवर. संधिवाताच्या रुग्णांत ती सर्रास आढळतात. चौथा संशयित घरातलाच: माणसाच्या रक्तात स्वतःचं अल्कलाइन फॉस्फटेज असतं. प्लाझ्मा धुतलेला नसला की तेही सब्स्ट्रेट तोडत बसतं.

चौथ्याचा बंदोबस्त गटाने आधीच केला होता. लेव्हामिझोल नावाचं औषध यकृत आणि हाडांकडून येणाऱ्या फॉस्फटेजला रोखतं, पण आतड्यातल्या फॉस्फटेजवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. जंतांवर वापरलं जाणारं हे औषध सब्स्ट्रेटच्या थेंबात मिसळलं की रुग्णाचं एन्झाइम गप्प बसतं आणि लेबलचं काम चालू राहतं. मला ही युक्ती फार आवडते. पण तिने इथला प्रश्न सुटला नव्हता.

खरी दिशा मिळाली ती एका तक्त्यातून, आणि तीही अडखळत. नमुना घेताना प्रत्येकाचं तापमान नोंदवलं होतं. एका विद्यार्थिनीने चुकीच्या पॉझिटिव्हांची रांग लावली, तेव्हा त्यांचं तापमान बाकीच्या निगेटिव्हांपेक्षा कमी निघालं. पट्टी ज्यांना डेंगी आहे म्हणत होती, त्यांना त्या घडीला फारसा ताप नव्हता. पहिली प्रतिक्रिया तापमापक तपासा अशी होती.

तापमापक ठीक होता. मग पट्टी एकेक भाग काढून चालवली गेली, आणि या प्रकरणातलं सर्वात शिकण्यासारखं काम मला हेच वाटतं. आधी एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड गाळलं. लेबलच नसेल तर चिकटणं, भाऊबंद विषाणू, परस्पर जोडणारी प्रतिपिंडं हे तिन्ही संशयित एकदम बाद होतात. प्रवाह तसाच राहिला. मग सब्स्ट्रेटही गाळलं, नुसतं बफर सोडलं. रुग्णाच्या फॉस्फटेजला तोडायला आता काहीच नव्हतं. प्रवाह तरीही राहिला. म्हणजे प्लाझ्मातच असं काहीतरी होतं जे थेट इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सोडत होतं, आणि ते निरोगी दात्यांच्या सीरममध्ये नव्हतं.

एकाच व्होल्टेजला प्रवाह मोजला की कोण बोलतंय ते कळत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. म्हणून व्होल्टेज हळूहळू चढवत स्पंदांच्या पद्धतीने पूर्ण आलेख काढला. युरिक आम्लाचा उंचवटा अपेक्षित जागी होता. त्याच्या पुढे, जास्त व्होल्टेजला, आणखी एक उंचवटा होता. कुणाकुणात पहिल्याहून ठळक. निरोगी प्लाझ्मात पॅरासिटामॉल टाकून पाहिलं. उंचवटा नेमका तिथेच आला.

गोळीचं गणित

यात नवल काही नाही, आणि म्हणूनच ते टोचतं. डेंगीचा संशय असला की ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायला सांगतात, कारण प्लेटलेट आधीच घसरत असतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी उरतं ते पॅरासिटामॉल. थोडक्यात, ही चाचणी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या बहुतेकांनी पट्टीपर्यंत पोहोचण्याआधी ही गोळी घेतलेली असणार. गोळी घेऊन तास-दीड तास झाला की ताप उतरतो आणि औषध रक्तात भरपूर असतं. तक्त्यातल्या कमी तापमानाचा अर्थ हा होता.

नेहमीच्या मात्रेनंतर रक्तात पॅरासिटामॉल मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅमपर्यंत जातं. त्याचा रेणुभार १५१, म्हणजे लिटरला साधारण ६५ ते १३० मायक्रोमोल. थेंबाने निम्मं पातळ झालं तरी तीस ते पासष्ट उरतं. पकडलेल्या एन्झाइमने काही मिनिटांत बनवलेलं नॅफ्थॉल मात्र एकेरी आकड्यातल्या मायक्रोमोलचं. इलेक्ट्रोडला दोन्ही सारखेच. पॅरासिटामॉल दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतं आणि त्याचं क्विनोन-इमिन बनतं. जाता जाता: हेच क्विनोन-इमिन यकृतातही तयार होतं, आणि गोळ्यांचा अतिरेक झाला की यकृताला इजा करणारा पदार्थ तोच.

निरोगी दात्यांच्या सीरममध्ये हे कधीच दिसलं नसतं. ताप असलेल्याचं रक्त रक्तपेढी घेत नाही. गटाने निवडलेलं माध्यम एका अर्थाने छाटून आलेलं होतं: ज्या माणसांवर चाचणी चालायची होती, नेमकी तीच माणसं त्यातून वगळलेली. निगेटिव्ह बाजूला हवा होता दुसऱ्या कशाने तरी तापलेला, गोळी घेतलेला, पाणी कमी प्यायलेला माणूस. निरोगी माणूस इथे तुलनेला कामाचा नाही.

आणि दवाखान्याच्या नोंदपत्रात तापाचा दिवस होता, तापमान होतं, वय होतं, पुरळ आहे की नाही तेही होतं. शेवटची गोळी कधी घेतली, हा रकाना नव्हता.

या क्षेत्राला हा धडा नवा असायला नको होता. एन्झाइम बसवलेल्या इलेक्ट्रोडने शर्करा मोजण्याची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि शर्करेच्या सेन्सरना पॅरासिटामॉलचा त्रास तेव्हापासूनच्या कहाणीचा भाग आहे. सतत शर्करा मोजणाऱ्या काही उपकरणांच्या माहितीपत्रकात त्याबद्दल इशारा छापला जात असे. पण विषाणूंचे सेन्सर करणारे लोक बरेचदा प्रतिपिंडांच्या दुनियेतून येतात. त्यांना चिकटण्याची भीती असते, गोळीची नसते.

उपायांची ओढाताण

पहिला विचार वजाबाकीचा. पट्टीवर दुसरा इलेक्ट्रोड छापा, त्यावर एनएस-१ शी संबंध नसलेलं प्रतिपिंड बसवा, आणि दोघांच्या प्रवाहातला फरक घ्या. पॅरासिटामॉल दोघांनाही सारखंच लागणार. कल्पना चांगली, पण अंकगणित निर्दय आहे. नको असलेला प्रवाह खऱ्या संकेताच्या दहापट असेल आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये पाच टक्के फरक असेल, तर निम्मा संकेत त्या फरकातच बुडाला. छापलेल्या कार्बनमध्ये पाच टक्के फरक काही मोठा नव्हे. शिवाय दोन इलेक्ट्रोड किती जवळ ठेवायचे? नॅफ्थॉलसारखा लहान रेणू पाण्यात पाच मिनिटांत अर्धा ते पाऊण मिलिमीटर पसरतो. त्याहून जवळ ठेवले तर एकाचा संकेत दुसऱ्यावर सांडणार. गटाने अंतर दोन मिलिमीटरच्या पुढे नेलं आणि वजाबाकी राखीव ठेवली, मुख्य उपाय म्हणून नव्हे.

दुसरा विचार एन्झाइम बदलण्याचा. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि टीएमबी हे त्याचं सब्स्ट्रेट वापरलं तर प्रवाह क्षपणाचा (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेचा) वाचता येतो, शून्य व्होल्टच्या आसपास. तिथे पॅरासिटामॉलचं ऑक्सिडीकरण होत नाही. ऐकायला छान. पण पेरॉक्साइड समोर असताना पेरॉक्सिडेज पॅरासिटामॉललाही हात घालतं, आणि ॲस्कॉर्बिक आम्ल तयार झालेल्या टीएमबीला पुन्हा मूळ रूपात आणतं. आधी निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह दिसत होता, आता पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह दिसायची सोय. त्यात बोट जोरात दाबून रक्त काढलं की तांबड्या पेशी फुटतात, आणि मोकळं झालेलं हिमोग्लोबिन स्वतःच थोडंफार पेरॉक्सिडेजसारखं वागतं.

तिसरा विचार सब्स्ट्रेट बदलण्याचा. पॅरा-अमिनोफिनिल फॉस्फेट वापरलं तर एन्झाइम पॅरा-अमिनोफिनॉल तयार करतं, आणि त्याचं ऑक्सिडीकरण बऱ्याच कमी व्होल्टेजला होतं. गंमत अशी की पॅरासिटामॉल म्हणजे याच पॅरा-अमिनोफिनॉलवर एक ॲसिटिल गट बसलेला. सख्खे शेजारी, पण त्या एका गटामुळे इलेक्ट्रॉन सोडायला पॅरासिटामॉलला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तेवढी फट पुरते. किंमत मोजावी लागते ती टिकाऊपणात. हे सब्स्ट्रेट प्रकाशाला आणि उष्णतेला नाजूक, आणि तयार झालेलं पॅरा-अमिनोफिनॉल अल्कधर्मी द्रावणात हवेतल्या ऑक्सिजननेच बिघडू लागतं. एडीस डास जिथे सुखाने राहतात त्या हवेत पट्ट्यांचा साठा करायचा असतो, हे विसरून चालत नाही.

शेवटी काय केलं? सब्स्ट्रेट बदललं, गडद पाकिटात सुकवून ठेवलं, आणि सब्स्ट्रेटच्या आधी नुसत्या बफरचा एक मोठा थेंब सोडायची पायरी वाढवली. म्हणजे धुणं आलंच. माझ्या मते खरा उपाय तोच होता आणि बाकीचे त्याचे मदतनीस. ‘एकच पायरी’ ही जाहिरातीतली चैन आहे. बफरच्या थेंबाला अर्धं मिनिट लागतं, आणि त्याबरोबर पॅरासिटामॉल, युरिक आम्ल, रुग्णाचं फॉस्फटेज, असं सगळंच वाहून जातं.

धुण्याने आणखी एक आजार बरा होऊ शकतो, फक्त बफरचा थेंब लेबलच्या आधी पडावा लागतो. एनएस-१ चं प्रमाण मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपासून काही मायक्रोग्रॅमपर्यंत कुठेही असू शकतं. फारच जास्त असलं की सुकवलेलं प्रतिपिंड आणि इलेक्ट्रोडवरचं प्रतिपिंड दोन्ही वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, मधे अडकायला कुणी उरत नाही, आणि प्रवाह उलट घसरतो. लेबल नंतर येईल अशी पायऱ्यांची रचना केली की हे टळतं. पिकोग्रॅमच्या खालची संवेदनशीलता मिरवणारे निबंध वाचताना मला हे नेहमी आठवतं. या आजारात अडचण बहुधा थेंबभर एनएस-१ शोधण्याची नसते.

दुसरी फेरी, आणि घसरलेला आकडा

नव्या पट्टीने चुकीचे पॉझिटिव्ह जवळपास संपवले. त्याच वेळी खऱ्या रुग्णांपैकी पकडले जाणारेही कमी झाले, आणि गटात खेद पसरला. पण जुनी संवेदनशीलता खरी नव्हतीच. डेंगीच्या रुग्णांनीही गोळी घेतलेली होती. एनएस-१ न सापडताही पट्टी त्यांना पॉझिटिव्ह म्हणत होती आणि योगायोगाने बरोबर ठरत होती. एका चुकीने दुसरी झाकली होती.

सुटलेले रुग्ण दोन प्रकारचे निघाले. पहिल्यांत दोष नमुन्याचा होता. दुसऱ्या फेरीत वेळ वाचवण्यासाठी काही ठिकाणी बोटाऐवजी नळीतलं रक्त पट्टीवर घातलं होतं, आणि रक्तपेशी मोजण्याच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. पण अल्कलाइन फॉस्फटेज जस्त आणि मॅग्नेशियमच्या जोरावर चालतं, आणि ईडीटीए त्यांनाही पळवतं. लेबल पट्टीतच लुळं पडत होतं. हेपरिनच्या नळीतले नमुने ठीक आले, आणि नियमावलीत जांभळ्या नळीला बंदी आली.

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांना आधी कधीतरी डेंगी होऊन गेला होता. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि एकदा एक होऊन गेला की दुसऱ्या वेळी आयजीजी, म्हणजे जुन्या संसर्गाची आठवण ठेवणारी प्रतिपिंडं, झपाट्याने चढतात. ती एनएस-१ ला वेढून टाकतात. प्रथिन रक्तात असतं, पण पट्टीच्या प्रतिपिंडाला ज्या जागी धरायचं ती जागा आधीच व्यापलेली. आम्ल किंवा उष्णता देऊन ही गाठ सोडवता येते, पण ते प्रयोगशाळेत; बोटाच्या थेंबावर नाही. म्हणून इलेक्ट्रोडला आणखी संवेदनशील करण्याचा हट्ट गटाने सोडला आणि पट्टीवर तिसरा मुख्य इलेक्ट्रोड आणला, आयजीएमसाठी. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एनएस-१ हुलकावणी देऊ लागतं तेव्हा आयजीएम चढत असतं. दुसऱ्या संसर्गात आयजीएम कधीकधी कमीच राहतं, तेव्हा हाही पूर्ण उपाय नव्हे, पण सुटणाऱ्यांची संख्या त्याने कमी होते.

एक गोष्ट अजून वादात आहे. डेंगी बळावला की केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून बाहेर जातो आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्यात, मूळच्या २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढ हे अशा गळतीचं लक्षण मानतात. घट्ट रक्तातून पडद्यापलीकडे प्लाझ्मा कमी आणि हळू उतरतो. म्हणजे आजार जितका गंभीर, तितका नमुना तोकडा. शर्करेच्या पट्ट्यांनीही हिमॅटोक्रिटशी बरीच वर्षं झुंज दिली आहे, पण तिथे मोजायचा आजार सहसा स्वतः रक्त घट्ट करत नाही. गटाने पडद्याच्या वरच्या बाजूला दोन छोटे इलेक्ट्रोड बसवले. रक्त पडताच प्रत्यावर्ती प्रवाहाने त्याचा विद्युतरोध मोजायचा, कारण पेशी जास्त तसा रोध जास्त, आणि त्यावरून खालचं वाचन दुरुस्त करायचं.

हा हिमॅटोक्रिटचा अंदाज यंत्राच्या पडद्यावर दाखवावा का, यावर गटात दोन तट आहेत. डॉक्टरांना तो हवा आहे, कारण डेंगीत रोज तोच बघायचा असतो. मापनाची जबाबदारी असलेल्यांचं म्हणणं, दुरुस्तीपुरता चालणारा अंदाज सलाइन किती द्यायचं हे ठरवायला वापरला जाईल, आणि तेवढी अचूकता त्यात नाही. सध्या तो आकडा यंत्राच्या आत राहतो. प्लाझ्मा पुरेसा उतरला नाही तर यंत्र निगेटिव्ह म्हणत नाही; वाचन रद्द करतं आणि नळीत रक्त घेऊन एलायझाला पाठवा असा संदेश दाखवतं.